रिस्टार्ट केलं की चालतंय, पण किती वेळ?

(ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू येत नाही किंवा जे हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिहिलेलं रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत. सगळे नाही.)

आज थोडा कबुलीजबाब आहे. सर्व्हर क्रॅश कसा शोधायचा हे सांगणारच आहे, पण आधी मी तो कसा केला ते सांगतो. कारण खरं शिकलो ते तिथेच.

तर झालं असं. माझ्या रूममेटच्या मामांची देवगडजवळ हापूसची बाग आहे. लॉकडाऊनमध्ये त्यांचा एक सीझन हातचा गेल्यासारखा झाला, म्हणून २०२० च्या शेवटी मी त्यांना एक साईट करून दिली. वर्डप्रेस, त्यावर वूकॉमर्स, भाड्याचा एक छोटा व्हीपीएस, त्यावर उबंटू २०.०४ आणि पीएचपी ७.४. पेटी बुक करा, यूपीआयने पैसे भरा, चार दिवसांत पेटी घरी. दोन सीझन मस्त गेले. मामा मला 'आमचे कॉम्प्युटरवाले' म्हणायचे आणि जूनमध्ये एक पेटी फुकट मिळायची. माझं सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट म्हणजे एवढंच.

१५ एप्रिल २०२३, शनिवार, रात्री साडेअकरा. पुढच्या शनिवारी अक्षय्य तृतीया, म्हणजे ऑर्डरींचा सगळ्यात मोठा आठवडा. आणि मी ठरवलं की सर्व्हर अपडेट करू या.

हसू नका. कारण होतं. पीएचपी ७.४ ची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्येच संपली होती. वर्डप्रेसचा डॅशबोर्ड रोज सांगत होता, तुमचं पीएचपी जुनं झालंय. पैसे घेणारी साईट असुरक्षित ठेवायची नाही, हा माझा विचार बरोबरच होता. वेळ चुकली. आंबा उतरवायच्या दिवसांत कुणी बागेला नवीन कुंपण घालतं का?

उबंटू २२.०४ वर गेलो, पीएचपी ८.१ आलं. ब्राउझरमध्ये साईट उघडली तर ५०२ बॅड गेटवे. हा सोपा होता. एन्जिनएक्स अजून ७.४ च्या सॉकेटकडे बोलायला जात होता आणि तिथे कुणीच नव्हतं. कॉन्फिगमध्ये नाव बदललं. ५०२ गेला आणि ५०० आला. याला प्रगती म्हणतात.

आता इथे जरा थांबून कॅश म्हणजे काय ते बघू, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

पीएचपीची फाइल म्हणजे साधा मजकूर. कुणी साईट उघडली की पीएचपी तो मजकूर वाचतं, त्याच्या बारीक सूचना बनवतं, ज्यांना ऑपकोड म्हणतात, आणि मग त्या चालवतं. दर वेळी पहिल्यापासून. म्हणजे दर जेवणाला नारळ फोडा, खवा, वाटा. ऑपकोड कॅश म्हणजे वाटण एकदाच करून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायचं. हे काम ऑपकॅश नावाचं एक्स्टेन्शन करतं. २०१३ मध्ये आलेल्या पीएचपी ५.५ पासून ते पीएचपीसोबतच येतं. त्याआधी लोक एपीसी वापरायचे, आणि पीएचपीची नवी आवृत्ती आली की एपीसी तिच्याशी जुळेपर्यंत सर्व्हर पडायचे. ५.४ च्या वेळी तर हे दुखणं फारच वाढलं. एपीसी स्थिर व्हायची वाट बघताबघता ५.५ आलं आणि ऑपकॅश घरातच आलं. एपीसीचा ऑपकोडचा भाग तिथेच संपला. त्याचा दुसरा भाग, म्हणजे डेटाबेसमधून आणलेली माहिती मेमरीत धरून ठेवणं, तेवढा एपीसीयू या नावाने आजही चालू आहे.

म्हणजे मामांच्या साईटवर दोन डबे होते. ऑपकॅशमध्ये कोड, एपीसीयूमध्ये माहिती. माझी रात्र पहिल्यांदा दुसऱ्या डब्याने खराब केली.

२०२० मध्ये एपीसीयू मी हाताने कंपाईल करून घातलं होतं. उबंटूच्या पॅकेज मॅनेजरला त्याचा पत्ताच नव्हता, त्यामुळे अपडेटमध्ये ते सोबत आलंच नाही. पण वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये ऑब्जेक्ट-कॅश नावाची एक पीएचपी फाइल मी ठेवली होती, आणि ती प्रत्येक पानाच्या सुरुवातीला एपीसीयूचं फंक्शन मागत होती. फंक्शन नाही, तर फेटल एरर.

आता गंमत बघा. साईट पडली की आपण सगळे काय करतो? प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलतो. सगळे प्लगइन बंद होतात, साईट उघडते, मग एकेक चालू करत जायचं. मी तेच केलं. फरक शून्य. कारण ती फाइल प्लगइन नाहीच. तिला ड्रॉप-इन म्हणतात. ती प्लगइनच्या फोल्डरबाहेर राहते आणि प्लगइनच्या आधी लोड होते. कॅशचा प्लगइन काढून टाकला तरी त्याने ठेवलेली ही फाइल कधीकधी मागे राहते, भाडेकरू गेला तरी दारावर त्याच्या नावाची पाटी राहावी तशी. तिची जुळी बहीण आहे ॲडव्हान्स्ड-कॅश. पीएचपी बदलल्यावर वर्डप्रेस पांढरं पडलं आणि प्लगइन बंद करून काही होत नसेल, तर आधी या दोन फाइलींची नावं बदलून बघा. मला हे कळायला पाऊण तास लागला.

मधल्या काळात एक मूर्खपणाही केला, तोही सांगतो. जुनं एपीसीयू डिस्कवर होतंच, म्हणून त्याची फाइल उचलून नव्या पीएचपीच्या फोल्डरमध्ये टाकली. पीएचपीने ती घेतली नाही. लॉगमध्ये दोन आकडे दिले: मॉड्यूल २०१९०९०२ साठी बनवलंय, पीएचपी २०२१०९०२ मागतंय. हे आकडे तारखेसारखे दिसतात आणि आहेतही तसेच. पीएचपीची आतली रचना बदलली की हा आकडा बदलतो. पहिला ७.४ चा, दुसरा ८.१ चा. आकडा जुळला नाही तर एक्स्टेन्शनला दारातच अडवतात, आणि ते आपल्या भल्यासाठी असतं. आत घेतलं असतं तर त्याने मेमरीत भलत्याच जागी हात घातला असता. पॅकेज मॅनेजरमधून ८.१ चं एपीसीयू टाकलं आणि साईट उभी राहिली. रात्रीचे दोन.

इथे झोपलो असतो तर हा एपिसोड झालाच नसता.

पण त्या आठवड्यात मी एक व्हिडिओ बघितला होता, पीएचपी ८ मधल्या जेआयटीबद्दल. जेआयटी हा ऑपकॅशचाच एक भाग. वाटण डब्यात ठेवण्यापेक्षा एक पायरी पुढे: जो कोड वारंवार चालतो त्याचं थेट प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करून ठेवायचं. ८.१ मध्ये तो बंद असतो, कारण त्याच्या बफरचा आकार शून्य ठेवलेला असतो. मी १२८ एमबी केला. साईट पाच-सहा वेळा उघडली. एक ऑर्डर स्वतःच करून बघितली. सगळं व्यवस्थित. रूममेटला म्हटलं, "बघ, रॉकेट केलीय." तो घोरत होता.

रविवारी सकाळी दहा वाजता मामांचा फोन. "अरे, लोक म्हणतायत साईट उघडत नाही. पाचशे दोन काहीतरी येतंय."

मी लॅपटॉप उघडला, पीएचपी-एफपीएम रिस्टार्ट केलं, साईट चालू. "झालं मामा, बघा." दहा मिनिटांनी पुन्हा फोन. पुन्हा रिस्टार्ट, पुन्हा चालू. असं चार वेळा झालं. मग मी माझ्या करिअरमधली सगळ्यात लाजिरवाणी ओळ लिहिली. क्रॉन लावला. दर पाच मिनिटांनी पीएचपी-एफपीएम आपोआप रिस्टार्ट. बारा वाजता लावला आणि जेवायला गेलो. थाळी होती. अजून आठवते.

संध्याकाळी पाचला मामांचा फोन आला, पण या वेळी साईटबद्दल नव्हता. मुलुंडहून एक बाई विचारत होत्या, पैसे कापले गेलेत, आणि ईमेल आलाय की ऑर्डर रद्द.

एक नाही, असे २३ जण होते.

काय झालं होतं ते नीट समजून घ्या, कारण 'सर्व्हर थोडा वेळ डाऊन होता' या वाक्यामागे हे लपलेलं असतं. माणूस ऑर्डर करतो तेव्हा वूकॉमर्स ती 'पेमेंट बाकी' म्हणून लिहून ठेवतं. तो फोनवर यूपीआयचा पिन टाकतो, पैसे जातात. मग पेमेंट गेटवे आपल्या सर्व्हरला निरोप पाठवतो की पैसे आले. तो निरोप आला त्या क्षणी आमचा सर्व्हर एकतर क्रॅश झालेला होता, नाहीतर माझा क्रॉन त्याला रिस्टार्ट करत होता. पीएचपी-एफपीएम डिफॉल्ट सेटिंगवर असेल तर रिस्टार्ट होताना हातातलं काम पुरं व्हायची वाट बघत नाही, मध्येच तोडतं. निरोप गेला वाया. आणि स्टॉकचा हिशोब ठेवणारं वूकॉमर्स डिफॉल्टनुसार एक तास थांबतं आणि पैसे न आलेली ऑर्डर रद्द करून माल पुन्हा विक्रीला लावतं. म्हणजे या २३ जणांच्या पेट्या साईटने तोपर्यंत दुसऱ्या लोकांना विकल्या होत्या.

पैसे २३ जणांचे घेतलेले, आंबे दुसऱ्यांना दिलेले, आणि मी दुपारी दुसऱ्यांदा शिकरण मागत होतो.

पहिलं काम, क्रॉन काढला. दुसरं, साईटवर 'बुकिंग थोडा वेळ बंद' असं साधं एचटीएमएल पान लावलं. त्याला पीएचपी लागत नाही, त्यामुळे ते पडतही नाही. हे सकाळी दहालाच करायला हवं होतं. बंद दुकान ग्राहकाला चालतं. पैसे घेऊन शटर ओढणारं चालत नाही.

आणि मग लॉग उघडला. पहिल्यांदा! सात तासांनी! लोक विचारतात, अनुभवी इंजिनिअर आणि नवखा यांत फरक काय. माझ्या मते एवढाच, की लॉग कितव्या मिनिटाला उघडला.

एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये होतं की समोरच्याने कनेक्शन तोडलं. म्हणजे बोलताबोलता पीएचपी गतप्राण. पीएचपीच्या नेहमीच्या एरर लॉगमध्ये काहीच नाही. ही मोठी खूण आहे. पीएचपीच्या कोडमध्ये चूक असेल तर पीएचपी कुरकुर करतं, ओळ नंबरासकट. ते एक शब्द न बोलता मेलं, तर चूक कोडच्या खाली आहे, एक्स्टेन्शनमध्ये किंवा खुद्द पीएचपीत. मग एफपीएमचा स्वतःचा लॉग बघायचा, तो वेगळा असतो. तिथे ओळीमागून ओळ: अमुक नंबरचं चाइल्ड सिग्नल ११ ने गेलं. सिग्नल ११ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. प्रोग्रामने आपल्या मालकीची नसलेली मेमरी चाळायचा प्रयत्न केला आणि लिनक्सने त्याला तिथेच संपवलं. कर्नलचा लॉग, म्हणजे डीमेसेज, त्यातही याची नोंद पडते आणि ओळीच्या शेवटी बऱ्याचदा ज्या फाइलमध्ये घात झाला तिचं नाव असतं. आमच्याकडे होतं ऑपकॅश.

नाव कळलं तरी एक कोडं उरतं. रिस्टार्ट केल्यावर दहा मिनिटं चालायचं कसं? आणि रात्री माझ्या टेस्टमध्ये काहीच कसं झालं नाही?

दोन्हीचं उत्तर एकच. जेआयटी प्रत्येक गोष्टीला हात लावत नाही. एखादं फंक्शन पुरेशा वेळा चाललं, गरम झालं, की मगच त्याचं रूपांतर करतं. ८.१ मध्ये फंक्शनसाठी ती मर्यादा १२७ आहे. मी रात्री पाच-सहा वेळा साईट उघडली. इतक्यात बराचसा कोड गरमच झाला नव्हता. रविवारी सकाळी लोक आले, कोड तापला, रूपांतर झालं, आणि त्यातलं कुठलंतरी रूपांतर चुकीचं निघालं. रिस्टार्ट केलं की सगळं पुसलं जायचं आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. म्हणून रिस्टार्ट हे औषध वाटायचं. प्रत्यक्षात मी फक्त घड्याळ मागे फिरवत होतो.

दुसरी भानगड अशी. एक चाइल्ड मेलं तर एफपीएम लगेच दुसरं जन्माला घालतं, मग साईट पूर्ण का पडावी? कारण कॅश सगळ्यांची एकच. शेअर्ड मेमरी. आमच्या फ्लॅटमध्ये चार जण आणि फ्रिज एक. एका डब्यातलं वाटण नासलं, ते खाऊन एक जण आजारी पडला, त्याच्या जागी नवीन रूममेट आणला. पण डबा तोच! तोही आडवा. एफपीएम बनवणाऱ्यांना हे माहीत आहे. त्यात इमर्जन्सी रिस्टार्ट थ्रेशोल्ड अशी सेटिंग आहे: ठरावीक वेळात इतकी चाइल्ड सिग्नल ११ ने गेली तर पूर्ण एफपीएम नव्याने सुरू कर, म्हणजे फ्रिजच रिकामा कर. ती मुळात बंद असते. तिची शिफारस मी करत नाही, कारण ती माझ्या क्रॉनची सभ्य आवृत्ती आहे. पण ती आहे यावरूनच कळतं की हे दुखणं जुनं आहे.

मग दोषी पकडायचा. पद्धत सोपी, धीर लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी ऑपकॅश पूर्ण बंद केलं, एफपीएम रिस्टार्ट, आणि टेस्ट या वेळी पाच वेळा नाही, लोड टूलने दोन हजार रिक्वेस्ट. हळू चालली, पण एकही चाइल्ड मेलं नाही. मग ऑपकॅश चालू, फक्त जेआयटीचा बफर शून्य. पुन्हा दोन हजार. ठणठणीत. मग खात्रीसाठी जेआयटी परत चालू केला. तीन मिनिटांत सिग्नल ११. ही शेवटची पायरी लोक गाळतात. दोष परत आणून दाखवता आला नाही, तर तो गेला की लपला हे कसं कळणार?

हे सगळं ब्राउझरमधून किंवा लोड टूलने करा, टर्मिनलवर पीएचपी चालवून नाही. कमांड लाइनवरचं पीएचपी वेगळ्या कॉन्फिगने चालतं आणि तिथे ऑपकॅश डिफॉल्टने बंद असतं. तिथे सगळं हिरवं दिसेल आणि साईट पडलेलीच राहील. आवृत्तीही टर्मिनलवर एक आणि एफपीएमची दुसरी असू शकते.

जेआयटीमधली नेमकी चूक मी शोधली नाही. कोअर डंप काढून जीडीबीमध्ये उघडता येतो, पण रात्रीचे आठ वाजले होते आणि २३ लोक वाट बघत होते. नंतर वाचलं तेव्हा कळलं की ८.१ च्या पुढच्या छोट्या आवृत्त्यांच्या बदलांच्या यादीत जेआयटीच्या क्रॅशच्या दुरुस्त्या भरपूर आहेत. पण उबंटू २२.०४ पीएचपीला ८.१.२ वरच धरून ठेवतं आणि त्यावर प्रामुख्याने सुरक्षेचे पॅच लावतं. म्हणजे 'मी सगळे अपडेट टाकलेत' आणि 'माझ्याकडे सगळ्या दुरुस्त्या आहेत' या दोन वेगळ्या गोष्टी.

आणि मिळणार काय होतं? पीएचपीमध्ये जेआयटी आणायचा जो मूळ प्रस्ताव होता, त्यात लिहिणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगितलंय की वर्डप्रेससारख्या साईटला फारसा फायदा दिसत नाही. आकडाही दिलाय: सेकंदाला ३१५ रिक्वेस्टच्या जागी ३२६. व्हिडिओत हे नव्हतं. ११ रिक्वेस्टसाठी मी मामांचा सीझन लावला होता पणाला. आणि मामांच्या साईटवर सेकंदाला एक माणूस आला तरी खूप.

रात्री साडेआठला मी मामांना फोन केला आणि सगळं सांगितलं. क्रॉनचंही. ते सांगायची गरज नव्हती खरं तर, 'सर्व्हरमध्ये प्रॉब्लेम होता' हे त्यांनी मान्य केलं असतं. जीभ एकदा तिकडे वळलीही. पण त्या लोकांना फोन मामा करणार होते, मी नाही.

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ज्यांचे पैशे इले, त्यांका पेटी जातलीच. यादी दी माका."

यादी अशी केली: गेटवेच्या डॅशबोर्डवरून दिवसभराच्या यशस्वी पेमेंटची फाइल, वूकॉमर्समधून रद्द ऑर्डरींची फाइल, एक्सेलमध्ये दोन्ही समोरासमोर. २३ नावं, फोन नंबर, पत्ते. मामांनी शेजारच्या बागेतून कमी पडलेल्या पेट्या घेतल्या, अर्थात त्यांच्या भावाने. दोघांनी पैसे परत मागितले, २१ जणांना आंबा गेला. अक्षय्य तृतीयेच्या आत १८ जणांना पोचला. तिघांचा हुकला. मुलुंडच्या बाई त्या तिघांत होत्या.

जूनमध्ये पेटी आली. मी पैसे पाठवले, मामांनी ते परत पाठवले, मी पुन्हा पाठवले. मग दोघांनी विषय सोडला.

आता त्या सर्व्हरवर काय आहे ते सांगतो आणि थांबतो. जेआयटीचा बफर शून्य, आणि त्या ओळीच्या वर कॉमेंटमध्ये १६ एप्रिलची तारीख. हाताने कंपाईल केलेलं काहीही नाही. वर्डप्रेसची ऑब्जेक्ट-कॅश फाइल बदललीय, एपीसीयू नसेल तर ती गुपचूप बाजूला होते. पीएचपीचं कुठलंही पॅकेज बदललं की एफपीएमचा एक पूर्ण रिस्टार्ट, तोही बुकिंग बंद ठेवून, आणि मग एफपीएमच्या लॉगवर अर्धा तास नजर. शिवाय गेटवेचे निरोप आता पीएचपीकडे थेट येत नाहीत. एक छोटी वेगळी सर्व्हिस ते आधी फाइलीत लिहून ठेवते आणि वूकॉमर्स जागेवर असेल तेव्हा त्याला देते.

आणि मोठा अपडेट असेल तर मी मामांना फोन करून विचारतो. ते बागेकडे बघतात की आभाळाकडे माहीत नाही, पण उत्तर ठरलेलं असतं: पाऊस लागू दे. या वर्षीही जूनच्या दुसऱ्या आठवड्यातलीच तारीख धरलीय.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. लॉगची ओळ असेल तर ओळच पाठवा, स्क्रीनचा फोटो नको, वाचता येत नाही. चला, भेटू पुढच्या भागात.